मोगरीने निवडलेला बॅफल

एकदा एका म्हशीने मोटरसायकलचा बॅफल निवडला. हे वाक्य मी एका व्याख्यानात उच्चारले, तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका निवृत्त गृहस्थांनी शेजाऱ्याकडे पाहून हळूच डोळे मिचकावले. त्यांना मी दोष देत नाही. बॅफल घ्यायचा तर माणसे दुकाने पालथी घालतात, मोबाइलवर तासन्‌तास आवाज ऐकत बसतात, चार मित्रांचा सल्ला घेतात. म्हशीचा सल्ला कोणी घेत नाही. पण कोल्हापूरकडच्या एका नदीकाठच्या पेठेत तो घेतला गेला, आणि त्यातून एका हुशार शिष्याला जे उमगले, ते तुमच्याआमच्याही उपयोगाचे आहे.

बॅफल म्हणजे सायलेन्सरच्या पोटात बसवलेली भोकाभोकांची नळी. इंजिनातला जळका वायू धाडकन बाहेर पडू पाहतो. ही नळी त्याला थोडे अडवते, थोडे वळवते आणि मग सोडते. नळी काढून टाकली की गाडी गल्लीभर गर्जत सुटते. फार आवळली की गाडीचा दम कोंडतो. किती अडवावे आणि किती सोडावे, एवढ्यातच कारागिराची सारी विद्या सामावलेली असते.

त्या पेठेत दस्तगीर मिस्त्री नावाचे एक वृद्ध कारागीर होते. लहानथोर सगळे त्यांना चाचा म्हणत. सत्तरी उलटली होती, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली होती, पण कान असे तयार की रस्त्यावरून गाडी गेली तर न पाहता सांगावे, ‘हिची चेन सैल हाय.’ त्यांच्या गॅरेजचा एक विचित्र नियम होता. गिऱ्हाइकाला ते सीटवर बसून बॅफल निवडू देत नसत. त्याला खाली उतरवत, पन्नास पावले मागे नेऊन उभे करत आणि त्याची गाडी दुसऱ्याला चालवायला लावत.

“सीटवरचा माणूस आवाजाच्या म्होरं असतोय,” ते म्हणत. “त्याला काय कळतंय? मागल्यास्नी इचार. सीटवर बसून बॅफल निवडणं म्हंजे आरसा न बघता भांग पाडणं.”

घाईची गिऱ्हाइके या नियमाला कंटाळून दुसरीकडे जात, आणि महिन्याभरात मान खाली घालून परत येत.

चाचांच्या हाताखाली रेवण नावाचा शिष्य होता. वय तिशीचे. जातीचा गवळी, पण लहानपणापासून हातात पाना. आयटीआय केले, पुण्याच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये पाच वर्षे काढली आणि मग गावी येऊन चाचांकडे राहिला. हात सफाईदार, डोके तल्लख, यंत्राचा दोष शोधण्यात तर कोणाला हार जायचा नाही. त्याच्यात उणे एवढेच, की आपण हुशार आहोत ही बातमी त्याला जरा लवकर कळली होती.

त्याच्या वडिलांना, अण्णांना, मुलाच्या हुशारीचे कौतुक होते. पण मनात एक सल होता. पेठेत गवळ्यांचा एक जुना रिवाज आहे. दिवाळीच्या पाडव्याला म्हशींना न्हाऊमाखू घालायचे, शिंगे घासून रंगवायची, त्यांवर मोरपिसे बांधायची, गळ्यात कवड्यांची माळ घालायची. मग मालकाने मोटरसायकल काढायची आणि म्हशीने तिच्या मागे धावत नदीच्या घाटापर्यंत यायचे. दावे नाही, काठी नाही, हाक मारणे नाही. गर्दीत पन्नास गाड्या गुरगुरत असतात. त्यांतून आपल्या मालकाची गाडी ओळखून म्हशीने यायचे असते. ती आली की मालकाची छाती फुगते. दुसऱ्याच्या गाडीमागे गेली तर संपले. एका बिचाऱ्याची म्हैस सहा वर्षांपूर्वी भलत्याच गाडीमागे गेली होती, तो अजून चहाच्या टपरीवर आला की कोणीतरी आपुलकीने चौकशी करते, “म्हैस घरीच हाय न्हवं?”

अण्णांची म्हैस मोगरी. रंगाने कोळशाला लाजवील अशी काळीभोर आणि नाव मोगरी. गवळ्यांच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी. ती रेडकू होती तेव्हापासून सात वर्षे ती पाडव्याला अण्णांच्या मागे न चुकता आली होती. रेवणने मात्र तिला एकदाही पळवले नव्हते. “पोराच्या हाताला ग्रीस लागलं आणि दावं सुटलं,” असे अण्णा कधीकधी म्हणत. रागाने नव्हे, पण रेवणला ते लागत असे.

त्या वर्षी दिवाळीला तीन आठवडे उरले असताना अण्णा गोठ्यात शेणावरून घसरले आणि पाय मोडून बसले. पाय प्लास्टरमध्ये, अण्णा खाटेवर, आणि साऱ्या घराला हुकूम सोडणे अखंड चालू. डॉक्टरांनी दोन महिने गाडीचे नाव काढायचे नाही असे बजावले होते.

“यंदा मोगरी घरातच ऱ्हाऊ दे,” अण्णा भिंतीकडे पाहत म्हणाले.

“मी पळवतो की,” रेवण म्हणाला.

अण्णांनी मान वळवली. “तुज्या मागं येईल ती?”

या प्रश्नाने रेवण पेटला. म्हशीला जिंकून दाखवायचे होतेच, पण त्याहून अधिक खाटेवरच्या माणसाला. त्याने अण्णांची जुनी मोटरसायकल गॅरेजात आणली. बाकी गाडी ठणठणीत होती. पण सायलेन्सर गंजलेला, आतला बॅफल जळून तुटलेला, आणि गाडी हळू चालली की पोटातून सारखे ‘खुळखुळ, खुळखुळ’ वाजायचे. निष्णात मिस्त्रीच्या घरची गाडी खुळखुळ्यासारखी वाजावी, याची त्याला कित्येक वर्षे लाज वाटत होती. त्याने तो सायलेन्सर काढून भंगारात भिरकावला. चकचकीत नवा आणला. त्यात सरळ, मोकळा, मोठ्या भोकाचा बॅफल बसवला, म्हणजे आवाजही दणदणीत आणि पिकअपही जोरदार. सीटवर बसला, किक मारली, ॲक्सिलरेटर पिळला. समोरच्या बेकरीतल्या बरण्या थरथरल्या. दोन पोरे धावत आली आणि “नाद खुळा!” म्हणून ओरडली.

चाचा बाकावर बसून कार्बोरेटर पुसत होते. रेवणने अपेक्षेने त्यांच्याकडे पाहिले.

“झ्याक,” चाचा म्हणाले. “आता मोगरीला दाखव जा.”

रेवण ऐटीत घरी गेला. गोठ्याच्या दारात त्याने एकदा चांगला दम देऊन गाडी वाजवली. मोगरीने दाव्याला असा हिसका दिला की खुंटा हलला, आणि ती गोठ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून उभी राहिली. त्या संध्याकाळी धार काढायला बसलेल्या आईच्या हाती निम्मेच दूध आले. मोगरीने पान्हा चोरला होता. आतून अण्णा गरजले, “कुणाची गाडी आणून लावलीस दारात? कोण पावणा आलाय?”

रेवणने दुसऱ्या दिवशी तिला आवाजाची सवय लावायचा प्रयत्न केला. गूळ दाखवला, सरकी दाखवली. ती गूळ खाई आणि गाडीला पाठ दाखवी. शिवाय म्हशीच्या धावेच्या बेताने गाडी हळू चालवायला गेले की ती झटके खाई. मोकळ्या बॅफलमुळे कमी वेगात इंजिनाचा ओढा नाहीसा झाला होता. वेगाने पळवली की वाघ, हळू चालवली की आजारी शेळी. गल्लीतले एक आजोबा म्हणाले, “रेवण, मोगरीला गाडीवर बसव आणि तू पळ मागनं. ती सवय लौकर लागंल.” सगळे हसले. रेवणही हसला, पण त्या दिवशी त्याला जेवण गेले नाही. पाडव्याला सहा दिवस राहिले होते.

तो चाचांसमोर जाऊन उभा राहिला. “चाचा, ती येत न्हाई.”

“कोन?”

“मोगरी.”

“बॅफल कुठं बसून निवडलास?” चाचांनी विचारले.

रेवणने मान खाली घातली. तीन वर्षे ज्याने शेकडो गिऱ्हाइकांना सीटवरून खाली उतरवले, तो स्वतःच्या वेळी सीटवरच बसून राहिला होता.

चाचांनी त्याला आणखी बोल लावला नाही. बाकाखाली हात घातला आणि भंगारात टाकलेला तो गंजका सायलेन्सर बाहेर काढला. त्यांनी तो पहिल्याच दिवशी उचलून ठेवला होता. त्याची मापे घेतली, राहिलेली भोके मोजली आणि दुपारभर खपून एक नवा बॅफल तयार केला. भोके मध्यम, वायूची वाट ना मोकाट ना कोंडलेली, नळीभोवती आवाज मुरवणारी काचलोकर, म्हणजे ग्लासवूल, नीट गुंडाळलेली. रेवणने तो नव्या सायलेन्सरमध्ये बसवला. या वेळी चाचांनी गाडी चालवली आणि रेवण पन्नास पावले मागे उभा राहिला. आवाज भरदार होता, गोल होता, हळू वेगात एकही झटका नव्हता. रेवणच्या चेहऱ्यावर आठवड्यात पहिल्यांदा समाधान दिसले.

“चाचा, आता काम झालं.”

“ते मोगरी ठरवंल,” चाचा म्हणाले आणि टोपी घालून गोठ्याकडे निघाले.

गोठ्यात एक बादली पालथी घालून ते मोगरीसमोर बसले. गाडीकडे पाठ, म्हशीकडे तोंड. रेवणला म्हणाले, “मागल्या गल्लीतनं हळू चक्कर मार. तिला दिसू नगंस.” तोवर दहा-पंधरा माणसे जमली होती. म्हशीला विचारून बॅफल ठरतो आहे ही वार्ता पेठेत फिरायला कितीसा वेळ लागणार! रेवणने चक्कर मारली. मोगरी घाबरली नाही. तिने कानही हलवला नाही. डोळे अर्धे मिटून ती रवंथ करत राहिली, जणू रस्त्यावरून भाजीची गाडी गेली असावी.

रेवण परत आला. चाचांनी गाडी थंड होऊ दिली, मागचे झाकण खोलले, आणि खिशातून काळे पडलेले एक लोखंडी कडे काढले. जुन्या बॅफलच्या टोकाचे, जळून सुटलेले. त्यांनी ते सायलेन्सरच्या शेवटच्या खणात सोडून दिले आणि झाकण लावले.

“चाचा!” रेवणला राहवले नाही. “काय करताय? तोच तर बिघाड हुता! मी पुण्यात असतो आणि असली गाडी गिऱ्हाइकाला दिली असती, तर मला त्याच दिवशी काढलं असतं.”

जमलेल्यांत खसखस पिकली. चाचांचे वय झाले, असेही कोणीतरी पुटपुटले.

“पुण्यात मोगरी न्हवती,” चाचा शांतपणे म्हणाले. “मार चक्कर.”

रेवण धुसफुसत गेला. मागच्या गल्लीतून गाडी हळूहळू चालली आणि तिच्या पोटातून तो जुना, लाजिरवाणा आवाज उमटला. खुळखुळ, खुळखुळ.

मोगरीचे तोंड चघळता चघळता थांबले. आधी एक कान वळला, मग दुसरा. तिने मान उंच केली आणि ती अशी रेकली की छपरावरची कबुतरे उडाली. दावे ताणून ती दाराकडे ओढ घेऊ लागली. आणि त्याच क्षणी आतून, खाटेवरून, अण्णांचा आवाज आला, “अरे, माजी गाडी कोण चालवतंय?”

मग कोणीच हसले नाही. रेवण वळण घेऊन दारात आला तेव्हा मोगरी त्याच्या खांद्याला नाक घासू लागली. त्याने गाडी बंद केली आणि गोंधळून चाचांकडे पाहिले.

चाचा बादलीवरून उठले. गुडघे धरत म्हणाले, “बाळा, तू गाडीतला दोष काढलास. मिस्त्री म्हनून बरोबर केलंस, मी तुला नाव ठेवत न्हाई. पण एखादी गोष्ट दोष हाय का वळख हाय, हे गाडीला इचारून कळत न्हाई. ऐकणाऱ्याला इचारावं लागतंय. सात वरसं हिच्या कानावर रोज पहाटं ही खुळखुळ पडली. त्याच्या मागनं वैरण आली, पानी आलं, अण्णाचा हात पाठीवर आला. आपल्याला ते तुटकं कडं. हिला ती घरच्या मानसाची हाक. तू ती हाक पुसलीस आणि तिच्या दारात वरडाय लागलास. वरडून कोन जवळ येतंय?”

रेवणने गाडीवरून उतरून मोगरीच्या पाठीवर हात ठेवला.

“आणि ताकदीचं म्हनशील, तर तुला ऐंशीच्या वेगाची ताकद पायजे हुती. मोगरी पळती इसाच्या वेगानं. जिला संगं न्यायची, तिच्या पावलाला पुरंल ती ताकद. एक ध्यानात ठेव. गाडी जोरात पिळलीस की कडं दाबून बसतंय आणि आवाज बंद हुतोय. हळू चालवलीस तरच ते बोलंल.”

पाडव्याचा दिवस उजाडला. घाटाच्या वाटेवर माणसांची भिंत उभी होती. शिंगांना मोरपिसे, पाठीवर रंगीत नक्षी, कवड्या, घुंगरे, हलगीचा कडकडाट. सणाचा असा थाट की म्हशींनाही आपण कोणीतरी आहोत असे वाटावे. अण्णांना दोघांनी खुर्चीसकट उचलून घाटाच्या पायऱ्यांजवळ आणून ठेवले होते. प्लास्टरवर कोणीतरी चुन्याने मोगरीचे चित्र काढले होते.

सुटायच्या इशाऱ्याचे निशाण पडले. गाडी निघाली आणि मोगरी मागे निघाली. निम्मी वाट झकास पार पडली. लोक ओरडत होते, रेवणला आरशात ती रंगवलेली शिंगे दिसत होती. तेवढ्यात वळणावर दुसरी एक गाडी आडवी आली. बॅफल पार काढून टाकलेला, तोफ डागावी तसा आवाज. मोगरी बिचकली. चारी पाय रोवून उभी राहिली. रेवणच्या आरशातून शिंगे नाहीशी झाली.

त्याचा हात आपोआप ॲक्सिलरेटरवर आवळला. समोरचा ओरडतो तेव्हा आपण त्याहून मोठ्याने ओरडावे, हा मनुष्यस्वभाव आहे. आपल्या घरांत आणि सभांत तो रोज पाहायला मिळतो. इंजिन गर्जले आणि खुळखुळ थांबली. ते त्याला ऐकू आले. ऐकू आले नाही, हे ऐकू आले असे म्हणा. त्याला भीती वाटली, खरीखुरी भीती. आता हात सैल केला तर या गोंगाटात आपला आवाज बुडून जाईल, आणि उद्यापासून टपरीवर आपली चौकशी सुरू होईल. तरीही त्याने हात सैल केला. गाडी जवळजवळ पायी चालण्याच्या वेगावर आणली आणि मागे न पाहता पुढे जात राहिला. लोकांना वाटले, पोराने हाय खाल्ली.

पायऱ्यांजवळ अण्णांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांना पाहवत नव्हते. शेजारी उभे असलेले चाचाही मान खाली घालून ऐकत होते. हलगी, शिट्ट्या, पन्नास इंजिने, आणि त्या सगळ्याच्या तळाशी, एखादे मूल कोपऱ्यात बसून खेळत असावे तसा एक बारीक आवाज. खुळखुळ, खुळखुळ. त्याच्या मागून घुंगरे वाजू लागली. जवळ आली, आणखी जवळ आली.

“आली,” अण्णा डोळे न उघडता म्हणाले. “माजी दोन्ही आली.”

पहिल्या येणाऱ्या म्हशीला मिळणारे मानाचे निशाण मोगरीला मिळाले नाही, दुसऱ्या गल्लीतल्या एका चपळ म्हशीने नेले. अण्णांना ते कोणी सांगितले तर ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. एका हाताने ते मोगरीची मान कुरवाळत होते आणि दुसऱ्या हाताने त्यांनी मुलाचे ग्रीसचे डाग पडलेले मनगट घट्ट धरून ठेवले होते. रेवणच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसायला त्याला हात मोकळा नव्हता. चाचांनी आपला रुमाल पुढे केला. त्यालाही ग्रीसच लागलेले होते.

दिवाळीनंतर गॅरेजमध्ये एक तरुण आला. नवी गाडी, डोळ्यांवर काळा चष्मा. सीटवरून न उतरताच म्हणाला, “मिस्त्री, बॅफल बसवायचाय. आवाज असा पायजे की नाव निघालं पायजे.”

चाचा बाकावर बसून चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली. पण त्यांना बोलावे लागले नाही. रेवण हात पुसत उठला आणि त्या तरुणाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “आधी खाली उतर, गड्या. मागं जाऊन उभा ऱ्हा. आणि मला सांग, तुज्या मागं कोण येतंय?”

तरुण काळा चष्मा काढून खाली उतरला.

आपणही घरात आवाज चढवण्यापूर्वी हाच प्रश्न स्वतःला विचारून पाहावा.